बिनदाराची घरे आणि यंत्राची स्मृती

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. ह्या गावाची कीर्ती दोन गोष्टींमुळे दूरवर पसरली आहे. एक, उघड्या आभाळाखाली चौथऱ्यावर उभी असलेली शनिदेवाची काळी शिळा. आणि दुसरी, तेथल्या घरांना परंपरेने दारे नाहीत ही. चौकटी आहेत, उंबरे आहेत. पण चौकटीला दार नाही आणि अर्थातच कडीकोयंडाही नाही. रात्री कुत्रीमांजरे आत शिरू नयेत म्हणून एखादी फळी चौकटीला टेकवून ठेवतात, एवढाच काय तो बंदोबस्त. गावात जो चोरी करील त्याला शनिदेव शासन करतो, ही श्रद्धाच तेथे पिढ्यान्‌पिढ्या दाराचे काम करीत आली आहे.

विषय संगणकाचा आणि सुरुवात शनिशिंगणापुरापासून, हे कसे, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. ती रास्त आहे. परंतु ह्या विषयात शिरावयास आम्हांला ह्याहून सोयीचा उंबरा सापडला नाही. संगणकाची स्मृती, जिला सगळेजण मेमरी म्हणतात, तीही मुळात बिनदाराच्या घरांची एक वस्तीच आहे. घरे ओळीने मांडलेली आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे, आणि ज्याला क्रमांक ठाऊक आहे त्याने खुशाल आत जावे, पाहावे, आतले सामान बदलून यावे. फरक एकच. शिंगणापुरात माणसे राहतात. त्यांना श्रद्धा असते, भीड असते, शेजाऱ्याची नजर असते. यंत्रात ह्यांपैकी काहीच नाही. मग तेथे दाराचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न गेली पन्नासएक वर्षे संगणकाच्या व्यवसायातील माणसांना छळीत आला आहे. त्याचे एक बरेचसे पटण्यासारखे उत्तर अलीकडे मिळाले आहे, आणि त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम वस्तीचा आकार लक्षात घेऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक उभा राहिला. तो आपल्याच लोकांनी बांधलेला होता. त्याच्या स्मृतीत २०४८ खण होते. आज खिशात राहणाऱ्या साध्या फोनची मेमरी आठ जीबी असते. म्हणजे आठशे कोटींहून अधिक घरे, प्रत्येकात एक अक्षर मावेल एवढी जागा. इतक्या घरांचा कारभार कोणी एक माणूस डोक्यात ठेवू शकत नाही. तरीही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो डोक्यात ठेवावा, अशीच बराच काळ अपेक्षा होती.

ही अपेक्षा करणारी सर्वांत प्रसिद्ध भाषा म्हणजे ‘सी’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास तयार केली. ती सुटसुटीत होती, वेगवान होती, आणि तिच्यात लिहिणाऱ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. अमुक क्रमांकाच्या घरात जा म्हटले की ती जात असे. ते घर तुमचे आहे का, असे ती विचारीत नसे. हा निष्काळजीपणा नव्हता. ज्या दहावीस मंडळींसाठी ती झाली ती एकमेकांना ओळखणारी होती, एकाच प्रयोगशाळेत बसणारी होती, आणि त्यांच्या यंत्रांपाशी परका माणूस सहसा येत नव्हता. गाव लहान असले आणि सगळे गावचेच असले, तर दारावाचून चालते. पुष्कळ वर्षे चालते.

अडचण परका आला म्हणजे उभी राहते. शिंगणापुराच्या बाबतीतही, २०१० साली एका प्रवाशाच्या गाडीतून रोकड आणि चीजवस्तू गेल्याची तक्रार नोंदली गेली आणि वर्तमानपत्रांतून तिची चर्चा झाली. ‘सी’च्या गावात परका आला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने त्या दिवशी एक प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. तो स्वतःच एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत असे. शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्या काळच्या यंत्रांवर, कोण काम करीत आहे हे विचारणाऱ्याला उत्तर देणारा एक लहानसा प्रोग्रॅम असे. आलेला प्रश्न ठेवण्यासाठी त्याने ५१२ घरे राखून ठेवलेली होती. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ अक्षरांचा प्रश्न पाठविला. उरलेली २४ अक्षरे कोठे गेली? दार नव्हते, तेव्हा ती शेजारच्या घरांत गेली. आणि त्या शेजारच्या घरांत, हे काम संपल्यावर पुढे कोठे जावयाचे, याचा पत्ता लिहिलेला होता. तो पत्ता बदलला. यंत्र आपल्या मालकाचे काम सोडून पाहुण्याचे काम करू लागले. चोवीस अक्षरांच्या ह्या अतिक्रमणाने त्या रात्री अमेरिकेतील हजारो यंत्रे अडकून पडली.

अतिक्रमणाचा हा एक प्रकार. दुसरा प्रकार भाडेकरूचा आहे, आणि तो अधिक कपटी आहे. प्रोग्रॅमने काही घरे भाड्याने घेतली, काम झाल्यावर सोडून दिली; पण जुना पत्ता कोणाच्या तरी वहीत राहून गेला. मध्यंतरी ती घरे दुसऱ्याला दिली गेली. आता वहीतला पत्ता पाहून कोणी तेथे गेला, तर तो परक्याच्या घरात शिरतो आणि तरीही आपल्याच घरात आहोत असे समजून वागतो. तिसरा प्रकार नुसत्या डोकावण्याचा. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने गाजलेला दोष ह्या जातीचा होता. पलीकडच्या यंत्राला एक लहानसा शब्द पाठवावयाचा आणि सांगावयाचे की हा चौसष्ट हजार अक्षरांचा आहे, तेवढा परत म्हणून दाखव. ते भाबडे यंत्र शब्द संपल्यावर पुढच्या घरांतली अक्षरेही वाचून दाखवीत असे, मग त्यांत कोणाचा परवलीचा शब्द का असेना. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ साली आपल्या सुरक्षादोषांचा हिशेब मांडला तेव्हा सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरवापराचे निघाले. पुढच्या वर्षी गूगलने क्रोम ब्राउझरमधील गंभीर दोषांचा हिशेब केला; तोही ७० टक्क्यांच्याच आसपास आला. दोन्ही ठिकाणची माणसे हुशार आणि अनुभवी होती. माणसाने अधिक सावध राहावे, हा उपदेश येथे पुरा पडत नाही, एवढे ह्या आकड्यांवरून मानावयास हरकत नसावी.

आता चव्हाट्याकडे वळू. बीजगणितात ज्याला आपण चल म्हणतो तसे चल प्रोग्रॅममध्येही असतात. चल म्हणजे नाव दिलेले घर, ज्यातला मजकूर बदलता येतो. बहुतेक चल एखाद्या लहानशा कामापुरते असतात. काम संपले की ते नाहीसे होतात, आणि त्या कामाबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही. पण काही चल असे ठेवता येतात की प्रोग्रॅमच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणीही त्यांना हात लावावा. ह्यांना ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. आम्ही त्यांना चव्हाट्यावरचे चल म्हणू. ग्रामपंचायतीसमोर एक फळा टांगलेला आहे, शेजारी खडू आणि पुसणे ठेवलेले आहे, आणि गावातील कोणीही येऊन त्यावरचा मजकूर पुसावा, बदलावा, अशी ही व्यवस्था.

ती मोहात पाडणारी आहे, हे कबूल केले पाहिजे. पन्नास ठिकाणी लागणारी एखादी संख्या पन्नास हातांतून फिरवीत नेण्यापेक्षा फळ्यावर लिहून टाकणे किती सोपे! परंतु फळ्यावरचा आकडा चुकलेला आढळला म्हणजे तो कोणी, केव्हा व का बदलला, याचा तपास सबंध गावभर करावा लागतो. विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी १९७३ साली ‘ग्लोबल व्हेरिएबल हानिकारक होत’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख लिहिला. त्यांचा मुख्य आक्षेप वाचणाऱ्याच्या बाजूने होता. प्रोग्रॅमचा एखादा तुकडा समोर ठेवून तो काय करतो हे समजून घ्यावयाचे तर तेवढाच तुकडा वाचून भागले पाहिजे. फळा मध्ये आला की ते भागत नाही.

त्यानंतर यंत्रे बदलली. एकाच वेळी एकाच प्रोग्रॅमची चारआठ कामे शेजारी शेजारी चालू लागली. ह्यांना थ्रेड, म्हणजे धागे, असे नाव आहे. आणि चव्हाट्यावरच्या चलाचा दुसरा, अधिक भयंकर दोष उघडा पडला. समजा, शनि अमावास्येच्या गर्दीत दोन प्रवेशद्वारांशी दोन स्वयंसेवक उभे आहेत, आणि आलेल्या भक्तांची एकूण संख्या एकाच फळ्यावर लिहिण्याची त्यांना आज्ञा आहे. फळ्यावर ५०० आहे. पहिला ५०० वाचतो. त्याच क्षणी दुसराही ५०० वाचतो. दोघेही मनात एक मिळवितात. पहिला ५०१ लिहितो. दुसरा त्यावर पुन्हा ५०१ लिहितो. भक्त दोन आले, संख्या एकाने वाढली. दोघांपैकी कोणीही चुकलेला नाही. दोघांनी सांगितल्याप्रमाणेच केले. आणि हा घोटाळा रोज होत नाही, दोघांची वेळ नेमकी जुळली तरच होतो. म्हणून परीक्षा घेताना तो सापडत नाही आणि जत्रेच्या दिवशी मात्र घडतो.

भक्तांची संख्या एकाने चुकली तर फारसे बिघडत नाही. पण हाच प्रकार रुग्णालयात घडला तर काय होते, ते ‘थेरॅक-२५’च्या प्रकरणात दिसले. हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीचे होते. १९८५ च्या जूनपासून १९८७ च्या जानेवारीपर्यंत अमेरिका आणि कॅनडा मिळून सहा रुग्णांना नेमून दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण बसले. काही मरण पावले, बाकीच्यांना भयंकर इजा झाल्या. पुढे नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी ह्या अपघातांची बारकाईने केलेली चिकित्सा १९९३ साली प्रसिद्ध झाली. संगणकाचा अभ्यास करणारे विद्यार्थी ती अजून वाचतात.

ह्या यंत्राची अनेक कामे एकाच वेळी चालत, आणि त्या कामांचा परस्परांशी व्यवहार चव्हाट्यावरच्या चलांतून होत असे. टेक्सासमधील टायलर येथे यंत्र चालविणाऱ्या बाईंनी उपचाराचा प्रकार लिहिताना एक अक्षर चुकविले, आणि लगेच मागे जाऊन दुरुस्त केले. त्या सरावलेल्या असल्यामुळे ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली. पण तेवढ्या आठ सेकंदांत यंत्राचे दुसरे काम आतील चुंबके जागेवर आणण्यात गुंतलेले होते. फळ्यावरचा मजकूर बदलला हे त्याच्या ध्यानात आले नाही. पडद्यावर दुरुस्त मजकूर दिसत होता, यंत्राची मांडणी मात्र अर्धी जुनी आणि अर्धी नवी झाली होती. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे झालेला अपघात वेगळ्या कारणाने झाला. तेथे एक चल असा होता की त्यात शून्य असेल तर ‘तपासणी नको’ आणि इतर काही असेल तर ‘तपासणी करा’ असे समजावयाचे. प्रत्येक फेरीला त्यात ठराविक खूण लिहिण्याऐवजी एक मिळविला जाई. घर एका अक्षराएवढे. त्यात २५५ पर्यंतच संख्या मावते, आणि पुढच्या फेरीला पुन्हा शून्य येते. म्हणजे दर २५६ व्या फेरीला क्षणभर तपासणी उठत असे. नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेले.

सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ह्याच्या आधीच्या ‘थेरॅक-२०’ ह्या यंत्रातही टायलरचा दोष होता. पण त्या यंत्रात प्रोग्रॅमखेरीज लोखंडी आणि विजेचे अडसर होते. दोष उद्भवला की फ्यूज उडे, यंत्र बंद पडे, आणि रुग्ण सुरक्षित राही. नव्या यंत्रात प्रोग्रॅमवर भरवसा ठेवून ते अडसर काढून टाकण्यात आले होते. दारे काढली गेली; पण शिंगणापुरात दाराच्या जागी जे उभे आहे, त्यासारखे काहीच तेथे उभे करण्यात आले नाही.

आता त्या उत्तराकडे येऊ. २००६ साली व्हँकूव्हर शहरी ग्रेडन होअर नावाचे एक प्रोग्रॅमर राहत होते. त्यांच्या इमारतीची लिफ्ट प्रोग्रॅमच्या दोषामुळे बंद पडे, आणि त्यांना एकविसावा मजला पायी चढावा लागे. लिफ्टसारखे यंत्रही आपल्याला नीट चालविता येऊ नये, ह्या वैतागातून त्यांनी फावल्या वेळात एक नवी भाषा रचावयास घेतली. पुढे मोझिला संस्थेने तिला आश्रय दिला, आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती बाहेर पडली. तिचे नाव ‘रस्ट’. सर्वांना वाटते हा लोखंडावरचा गंज; पण होअर यांच्या डोळ्यांपुढे होती ती पिकावर पडणारी बुरशी. आपला शेतकरी गव्हावरच्या तिला तांबेरा म्हणतो. काही केल्या मरत नाही हा तिचा गुण त्यांना आवडला. तांबेऱ्याचे कौतुक करणारा माणूस नेवासे तालुक्यात मिळणे कठीण. पण ते असो.

रस्टची मुख्य युक्ती दोन नियमांत सांगता येते. पहिला नियम मालकीचा. प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक. मालकाचे काम संपले की वस्तूची विल्हेवाट लागते, आणि मालकी दुसऱ्याला दिली तर पहिल्याचा हक्क त्याच क्षणी संपतो. भाडेकरूचा जो घोटाळा वर सांगितला तो ह्याने मिटतो. दुसरा नियम उसनवारीचा. वस्तू पाहण्यासाठी हव्या तितक्या जणांनी उसनी न्यावी. किंवा बदलण्यासाठी एकट्याने न्यावी. दोन्ही एकदम नाही. एकजण बदलीत असताना दुसऱ्या कोणी तिकडे पाहावयाचेदेखील नाही.

हे फार कडक वाटेल. नुसते पाहण्याने काय बिघडणार? एक उदाहरण घेऊ. लांबलचक यादीच्या तिसऱ्या ओळीवर तुम्ही बोट ठेवून उभे आहात. तेवढ्यात लेखनिक यादीत एक नाव घालू लागतो. कागद पुरत नाही, म्हणून तो सगळी यादी मोठ्या कागदावर उतरवून घेतो आणि जुना कागद चुलीत टाकतो. तुमचे बोट कशावर राहिले? यंत्रात हे अक्षरशः असेच घडते, आणि त्यासाठी दोन धागेही लागत नाहीत. एकाच धाग्यात घडते.

हे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम कंपायलरकडे असते. माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा तो कंपायलर. रस्टचा कंपायलर रूपांतराआधी प्रत्येक उसनवारीचा हिशेब तपासतो, आणि हिशेब जुळला नाही तर रूपांतरच नाकारतो. यादीच्या हद्दीबाहेर बोट जाते की काय, एवढे मात्र बहुधा प्रोग्रॅम चालू असतानाच तपासावे लागते. तेथे नियम मोडला तर प्रोग्रॅम थांबतो, शेजाऱ्याच्या घरात जात नाही. दार बसविण्याऐवजी, गावाचा नकाशा काढतानाच कोणत्या वाटेने कोण जाणार हे ठरवून टाकण्याचा हा प्रकार आहे.

येथे चव्हाट्यावरचा चल पुन्हा आडवा येतो. घरातल्या वस्तूचा हिशेब कंपायलरला ठेवता येतो, कारण ती कोणी कोणाला दिली हे लिहिलेलेच असते. फळ्याचा हिशेब ठेवणार कसा? तुमच्या प्रोग्रॅमचा एक भाग फळा वाचीत असताना तो दुसऱ्या भागाला काही काम सांगतो, तो तिसऱ्याला, आणि तो तिसरा मुकाट्याने फळा पुसून टाकतो. देवघेव कोठेच झालेली नसते. फळा सर्वांनाच आधीपासून ठाऊक असतो. म्हणून रस्टने असे ठरविले की चव्हाट्यावर जे न बदलणारे आहे ते खुशाल ठेवा. बदलणारे ठेवावयाचे असेल तर तेही ठेवता येते. पण त्याला हात लावताना प्रत्येक ठिकाणी ‘अनसेफ’, म्हणजे ‘असुरक्षित’, हा शब्द लिहून तेवढा तुकडा वेगळा दाखविला पाहिजे. येथील नियमांची जबाबदारी कंपायलरची नसून माझी आहे, असे ते लिहून देणे होय. ह्यावरही भागले नाही. जाणत्या लोकांच्या हातूनही ह्या चलांच्या बाबतीत चुका होत राहिल्या, तेव्हा २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या नव्या आवृत्तीत, जिला २०२४ ची आवृत्ती म्हणतात, अशा चलाकडे थेट निर्देश करणे ही सरळ चूकच धरली जाऊ लागली. अगदीच अडले तर ती मनाई उठविण्याची सोय आहे. पण ती आपण होऊन उठवावी लागते.

मग सर्वांनी मिळून वापरावयाचा आणि बदलणारा आकडा ठेवावयाचा कोठे? ह्याचे उत्तर कुलपात आहे. कुलूप ही जुनी कल्पना आहे. ‘सी’तही ते वापरीत. पण तेथे कुलूप एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे असे. कुलूप लावून मगच वस्तूला हात लावावा, असा संकेत होता. तो विसरल्यास अडविणारे कोणी नव्हते. रस्टने वस्तू कुलपाच्या आतच घातली. ह्या कुलपाला म्युटेक्स म्हणतात. कुलूप उघडल्यावाचून वस्तू दिसतच नाही, तेव्हा विसरण्याचा प्रश्न उरत नाही. कुलूप उघडणाऱ्याला एक चिठ्ठी मिळते. ती त्याच्या हातात आहे तोवर वस्तू त्याची, आणि त्याचे काम संपून चिठ्ठी नाहीशी झाली की कुलूप आपोआप बसते. किल्ली हातात असताना माणूस मध्येच कोसळला, तर पुढच्याला तशी सूचना मिळते: आतले सामान अर्धवट राहिले असण्याचा संभव आहे, पाहून घ्या.

शिंगणापुरात ह्याच्या जवळची एक गोष्ट घडली आहे. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तेथे शाखा उघडली तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिची देशभर वार्ता झाली. गावाच्या भावनेचा मान राखून प्रवेशाला काचेचे दार ठेवले, आणि सहसा नजरेस न येणारे, दुरून चालणारे विद्युच्चुंबकीय कुलूप बसविले, असे वृत्तांतांतून आले. बँकेतला पैसा अनेकांचा असतो, आणि त्याचा हिशेब गावाबाहेरच्यांनाही द्यावा लागतो. आपल्या घरापुरती श्रद्धा पुरते. सर्वांच्या ठेवीला यंत्रणा लागते. बँकेने गावाला दारे लावा म्हटले नाही, आणि आपली तिजोरीही उघडी टाकली नाही. रस्टही प्रत्येक घराला कुलूप मागत नाही. बहुतेक घरांना उसनवारीचा नियमच पुरतो. कुलूप फक्त चव्हाट्यावर.

चव्हाट्यासाठी आणखी दोन सोयी आहेत. आकडाच वाढवावयाचा असेल, तर ‘वाचा, एक मिळवा, लिहा’ ही तीन कामे एका अखंड क्रियेत करणारे चल आहेत. आपल्या दोन स्वयंसेवकांची अडचण त्यांनी दूर होते. दुसरी सोय कोनशिलेसारखी आहे. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर एकदाच मजकूर कोरावयाचा, पुढे फक्त वाचावयाचा. ती भाषेच्या मूळ संग्रहात २०२३ साली दाखल झाली. आमच्या अनुभवाने, ज्यांना लोक बदलणारे चल समजतात त्यांतले निम्मेअधिक कोनशिलाच असतात; एकदा लिहिले की कोणी बदलीत नाही.

तर मग सगळे प्रश्न सुटले काय? मुळीच नाहीत, आणि रस्टच्या काही भक्तांचा उत्साह ह्या बाबतीत आवरता घेण्याजोगा आहे. दोघांनी एकेक कुलूप उघडून धरले आणि दोघेही दुसऱ्याच्या कुलपाची वाट पाहत बसले, तर ते कायमचे बसतात; हे रस्ट अडवीत नाही. याकिमाचे उदाहरण तर मुद्दाम पाहण्यासारखे आहे. २५५ नंतर शून्य येणे हा स्मृतीच्या नियमांचा भंगच नव्हे. रस्टमध्ये असा प्रोग्रॅम चाचणीच्या रूपात चालविला तर तो त्या ठिकाणी थांबतो आणि ओरडतो. पण वापरासाठी तयार केलेल्या रूपात, वेगळे सांगितले नाही तर, संख्या पूर्वीसारखीच मुकाट्याने शून्यावर येते. तपासणी करावयाची की नाही हे मोजणीच्या आकड्यावर ठरवू नये, हे शहाणपण कोणत्याही भाषेच्या कंपायलरमध्ये सापडावयाचे नाही.

शिवाय ‘अनसेफ’ची पळवाट आहेच. ती बंद करता येत नाही. यंत्राच्या तारांशी थेट बोलावयाचे तर कोणाला तरी नियमांच्या बाहेर जावेच लागते. मात्र ती खूण कोठे कोठे आहे हे शोधता येते, आणि हा लाभ लहान नाही. लिनक्स ह्या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात २०२२ च्या डिसेंबरातील ६.१ ह्या आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला. तेथील रस्टच्या भागात पहिला सुरक्षादोष अधिकृतपणे नोंदला गेला तो २०२५ च्या डिसेंबरात. दोन धागे एकाच यादीत एकदम हात घालीत होते, आणि ज्या ठिकाणी ते घडत होते तेथे ‘अनसेफ’ हा शब्द लिहिलेला होता.

जुन्या ‘सी’चे काय, असा प्रश्न ह्या विषयावर बोलताना नेहमी येतो. कोट्यवधी ओळींचे ते लेखन पुन्हा लिहून काढणे कोणालाही परवडणारे नाही. अँड्रॉइड प्रणालीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. गूगलने तेथे जुने तसेच ठेवले, आणि नवे लिहावयाचे ते शक्यतो स्मृती सांभाळणाऱ्या भाषांत लिहावयास सुरुवात केली. २०१९ साली त्या प्रणालीतील सुरक्षादोषांपैकी ७६ टक्के स्मृतीचे होते. २०२४ साली ते प्रमाण २४ टक्क्यांवर आले. जुने लेखन काढून टाकलेले नसतानाही ते उतरले, याचे कारण त्यांना असे आढळले की दोष बहुतांशी ताज्या लेखनातच असतात. जुने जितके मुरते तितके त्यातले दोष सापडून दुरुस्त होत जातात.